एक नग जास्त

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी खारगाहून फोन आला आणि एक्केचाळीस नंबरच्या पेटीत एक नग जास्त निघाल्याचं फिक्री अब्दुल मुईनला कळलं. तो तेव्हा कैरोतल्या शुब्रा भागात आपल्या घरी ओट्यापाशी उभा होता. रात्रभर मंद आचेवर शिजलेले वाल चमच्यानं ठेचून त्यांवर लिंबू पिळत होता. फोन डॉक्टर नाहिदचा होता. ती एके काळी त्याच्या हाताखाली खापरं जुळवायला बसायची, आता कोठाराच्या मोजणी समितीची प्रमुख होती.

"कमी आहे का?" त्यानं विचारलं.

"कमी असतं तर तुम्हाला कशाला, पोलिसांना फोन केला असता. जास्त आहे, उस्ताद. ती मूल कडेवर घेतलेली मातीची बाई. एकीच्या दोन झाल्यात. कापसात शेजारी शेजारी निजल्यात, सख्ख्या बहिणींसारख्या."

"शिक्का?"

"तुमचाच. शाबूत होता. आम्हीच तोडला. या तुम्ही. यातली खरी कोणती हे तुमच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही."

लिंबाची बी वालांत पडली होती. ती काढायला म्हणून तो वाकला आणि तसाच वाकून राहिला. बी समोर दिसत होती, पण हात पुढे होत नव्हता. शिक्का शाबूत आहे हे ऐकलं त्याच क्षणी त्याला सगळं कळलं होतं. पुढे वाळवंटाच्या रस्त्यावर त्यानं तासन्‌तास जो विचार केला तो सगळा या एका क्षणाला लांबवण्याचाच प्रकार होता.

त्याच्या खात्यात जमिनीतून निघालेल्या प्रत्येक वस्तूला एक नंबर मिळतो आणि एक माणूस मिळतो. वस्तू त्या माणसाच्या ताब्यात. माणसाची बदली होते, त्याचे केस पिकतात, पण ताबा सुटत नाही. कारण न मोजता दुसऱ्याचा ताबा कोणी आपल्या नावावर घेत नाही, आणि मोजायचं तर समिती लागते, समितीला गाडी लागते, गाडीला परवानगी लागते. फिक्री वीस-बावीस वर्षं कैरोत एका तळघरातल्या टेबलाशी बसत होता आणि तिकडे सहाशे किलोमीटरवर खारगाजवळच्या ऐन सुवैरा नावाच्या वाडीतल्या देवळातून निघालेले दिवे, वाडगे, बाहुल्या, तुटके पाय त्याच्या नावावर अंधारात पडून होते. महिनाअखेर तो निवृत्त होणार होता. त्याआधी ताबा उतरवायला हवा, नाहीतर माणूस घरी जातो आणि नाव कोठारात राहतं. नग कमी भरला तर चोरी झाली असं सरळ म्हणता येतं. जास्त भरला तर काय म्हणायचं हे कोणाला माहीत नसतं. मग मोजणाराच खोटा ठरतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे खात्याच्या गाडीत तो बसला. असयूत मागे पडलं, शेतं संपली आणि दोन्ही बाजूंना पिवळं, सपाट, कशालाही न अडणारं वाळवंट सुरू झालं. या रस्त्यानं तो पहिल्यांदा आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि देवळाच्या छतापर्यंत वाळू चढलेली होती. वाळू उपसायलाच दोन हंगाम गेले. भिंती वर आल्या, मग देवतांचे गुडघे, मग पावलं. वाडीतल्या बायकांना देऊळ नवीन नव्हतं. ज्यांची कूस उजवली नव्हती त्या शुक्रवारी पुरुष नमाजाला गेले की यायच्या आणि वाळूतून डोकं काढलेल्या पडक्या दगडावरून इकडून तिकडे उड्या मारायच्या. फिक्रीनं तिथं तार बांधली. तारेला सकाळी झग्याची चिंधी अडकलेली दिसायची. तो ती काढून टाकायचा. मागच्या खोलीच्या उंबऱ्याखाली ती मूर्ती निघाली तेव्हा तो स्वतः गुडघ्यांवर होता. वीतभर उंचीची, भाजलेल्या मातीची बाई, कडेवर मूल. डाव्या पायाचा चवडा उडालेला. संध्याकाळपर्यंत वाडीला कळलं. दुसऱ्या दिवसापासून बायका मजुरांसाठी उन्हात फुगवलेल्या भाकऱ्या घेऊन येऊ लागल्या. याआधी कधी आणल्या नव्हत्या. भाकऱ्या देऊन झाल्या तरी त्या कोठाराच्या दाराशी उभ्या राहत आणि आत बघत.

त्याची बायको झकिया त्याच वाडीतली, कुंभाराची मुलगी. लग्नाला सात-आठ वर्षं झाली होती. झकियाला तिची आई असयूतच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती, आणि डॉक्टर म्हणाला होता की हिच्यात काही दोष नाही, नवऱ्याला घेऊन या. फिक्री म्हणाला, हंगाम संपला की जाऊ. हंगाम संपला. मग अहवाल होता. मग पुढचा हंगाम आला. या सगळ्यात खोटं काही नव्हतं, हे त्याला गाडीत बसल्या बसल्या पुन्हा एकदा पटलं, आणि या पटण्याचाच त्याला कंटाळा आला. काम खरंच होतं. अहवाल खरंच उशिरा झाला होता. त्याच्या आयुष्यात जे जे करायचं राहिलं त्या प्रत्येकाला खरं कारण होतं.

कोठाराला लागूनच त्यांचं सरकारी घर होतं. संध्याकाळी तो मूर्ती टेबलावर ठेवून तिचं चित्र काढायचा, मापं घेऊन, ठिपक्याठिपक्यांनी छाया भरून. समोर झकिया मसूर निवडत बसायची. एके दिवशी ताट बाजूला सारून ती म्हणाली, "एक रात्र दे."

"काय?"

"हिला. पाण्यात ठेवीन, सकाळी परत. ते पाणी डोक्यावरून घ्यायचं असतं. तुझ्या लोकांना कळणारसुद्धा नाही."

"पाण्यात? झकिया, ही भाजलेल्या मातीची आहे. आत क्षार आहेत. पाणी लागलं की—"

"मातीला पाणी लागलं की काय होतं ते मला शिकव. कुंभाराच्या घरात जन्मले मी."

"ही माझ्या ताब्यात आहे."

"मी पण तुझ्याच ताब्यात आहे. मला कधी एवढं कापसात गुंडाळलं नाहीस."

तो हसला होता. पुढच्या वर्षांत त्या संध्याकाळचं बरंच काही पुसट झालं, दिवा कुठं होता, तिनं काय घातलं होतं, पण आपण हसलो हे त्याच्या लक्षात राहिलं. ते वाईट हसू नव्हतं. लहान मुलानं चंद्र मागितल्यावर मोठी माणसं हसतात तसं होतं, आणि म्हणूनच बहुधा ते विसरण्याजोगं नव्हतं. झकिया ताट ओढून घेऊन मसुरातले खडे काढू लागली. एक एक खडा ती ताटाच्या कडेला ठेवत होती आणि तो ठिपके देत होता, आणि त्याला वाटलं की विषय मिटला.

हंगामाच्या शेवटी शिशाचे शिक्के संपले. तो असयूतला गेला, दोन दिवस राहिला. एक्केचाळीस नंबरची पेटी त्यानं आधीच भरली होती, आपल्या हातांनी, कापूस, वर्तमानपत्र, पुन्हा कापूस. दोरी बांधून ती निजायच्या खोलीत ठेवली होती. फक्त शिक्का मारायचा राहिला होता. तो परत आला, दोरी ओढून पाहिली, पक्कडीनं शिसं दाबलं. झकिया दारात उभी होती. चहाचा वास येत होता. तिचं तिथं उभं राहणं त्याला त्या वेळी जाणवलं होतं का? आता जाणवत होतं, पण आता जाणवणं म्हणजे नुसतं आठवणीला टेकू देणं. नंतर ईद आली, ती माहेरी गेली. मग कोठाराचा पहारेकरी खमीस खाली मान घालून निरोप घेऊन आला की ती परत येत नाही म्हणते. फिक्री गेला नाही. राग निवला की येईल, असं त्याचं गणित होतं. गणित चुकलं, तलाकाचे कागद झाले, त्याची बदली झाली. पुढे कानावर आलं की तिनं खजुराच्या व्यापाऱ्याशी लग्न केलं. मग मुलगा झाला. मग आणखी मुलं. प्रत्येक बातमी त्यानं वर्तमानपत्रातल्या बातमीसारखी शांतपणे ऐकली, आणि तिच्यातून त्याच्याबद्दल जे सिद्ध होत होतं तेही त्याला पहिल्या मुलाच्या बातमीलाच कळलं. डॉक्टरकडे तो मग कधी गेलाच नाही. आता विचारायचं काही उरलं नव्हतं.

कोठाराचं दार उघडलं तेव्हा तोच वास आला, धूळ, पोतं, उंदराचं औषध. नाहिदनं पेटीतला ऐवज लांब टेबलावर मांडून ठेवला होता. फिक्रीला आधी वाटलं की कोणी पीठ सांडलं आहे. दिव्यांच्या कडा, वाडग्यांची पोटं, सगळ्यांवर मिठाचा पांढरा लोणा फुटला होता आणि त्याखाली रंगीत पापुद्रे सुटून कापसात पडले होते. एका वाडग्यावरच्या ज्या बदकाचं त्यानं चित्र काढलं होतं ते आता नव्हतं. बदकाच्या जागी खडबडीत माती होती.

"क्षार," नाहिद म्हणाली. "कोठार रिकामं करतोय ते याच्यासाठीच. हल्ली आम्ही खापर निघालं की पाण्यात घालतो. पाणी बदलत राहायचं, खार उतरेपर्यंत. तुमच्या वेळी कोणी पाणी लावू द्यायचं नाही ना?"

"नाही."

"चुकत होतं ते. असो. सगळ्यांचंच चुकत होतं." तिनं एक पांढरं फडकं बाजूला केलं. "आता गंमत बघा. अख्ख्या पेटीत या दोघीच धडधाकट. खाराचा कण नाही. नंबराची चिठ्ठी दोऱ्यातून सुटून खाली पडलेली. तुमचं चित्र लावून पाहिलं, दोघींना बरोब्बर बसतं. डावा चवडा दोघींचा उडालेला. फोटो त्या काळातला, नुसतं धुकं. आम्ही तिघं कालपासून भांडतोय. मी म्हटलं, उस्ताद फिक्रींना बोलवा, ते अंधारात हात लावून सांगतील."

तो बघत राहिला. दोघी उताण्या, डोळे म्हणजे नुसत्या दोन चिरा, मूल कमरेला चिकटलेलं. वर्षानुवर्षं त्याची अशी समजूत होती की जगात एक वस्तू तरी आपल्याला पूर्ण पाठ आहे. तो एकीवरून दुसरीवर नजर नेत होता आणि प्रत्येक वेळी जिच्याकडे बघत होता तीच त्याला खरी वाटत होती. त्यानं त्या उलट्या केल्या. पाठीमागे माती साच्यात दाबल्यासारखी होती आणि कमरेच्या वर, दोघींच्या, एकेक अंगठा उठला होता. त्याच्या चित्रात पाठ नव्हती. पाठीवर काही नाही म्हणून त्यानं नुसती बाह्यरेषा काढून सोडली होती. यांतला एक अंगठा दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोणा माणसाचा होता आणि दुसरा झकियाचा. त्यानं डोळे मिटून तिचा हात आठवायला घेतला. बांगड्या आठवल्या. कणीक तिंबताना मागे सारलेली बाही आठवली, मनगटावरचा भाजल्याचा डाग आठवला. अंगठा आठवेना. इतकी वर्षं ज्या हातानं जेवायला वाढलं त्याचा अंगठा रुंद होता की निमुळता, हेही त्याला सांगता येईना.

"कोणी तुमच्या घरात होतं का तेव्हा," नाहिदनं विचारलं, "म्हणजे अशी नक्कल करू शकेल असं?"

"नाही," तो म्हणाला. इतक्या लगेच की तिनं मान वर केली.

"बरं. मी फार खोलात जात नाही. खरी म्युझियमला जाईल. दुसरी 'आधुनिक, निरुपयोगी' म्हणून फोडून टाकायची, असा नियम आहे. म्हणजे तुम्ही खिशात घाला, मी त्या वेळी खिडकीबाहेर बघत असेन. इतक्या वर्षांची आठवण. फक्त सांगताना चुकू नका, नाहीतर देवीबाई शुब्राला जातील आणि म्युझियममध्ये कोणाची तरी बाहुली बसेल. नमाज होऊ दे, चहा घ्या, मग सांगा. डावी की उजवी, एवढंच."

तो अंगणात आला. खमीस आता पार म्हातारा झाला होता. खजुराच्या सावलीत तो चुलीवर चहाची किटली ठेवून बसला होता.

"साहेब, तुमच्यासाठी साखर दाबून घातलीय. कैरोत चहा म्हणून गरम पाणीच देतात म्हणे." मग आवाज उतरवून, "झकियाला फोन लावून देऊ? चुलत बहीण माझी, नंबर तोंडपाठ आहे. परवाच तिच्या धाकटीच्या साखरपुड्याचं सरबत पिऊन आलो."

"कशाला?"

"कशाला ते तुम्हाला माहीत. मी म्हातारा माणूस, मला काय कळतंय." आणि त्यानं लावलाच.

पलीकडे कोंबड्यांचा आवाज आला, एक लहान मूल किरकिरत होतं. "बोल खमीस, पुन्हा सरबत हवंय का?"

"फिक्री बोलतोय."

"कोण फिक्री? गॅसवाला?"

"अब्दुल मुईन."

मुलाचं किरकिरणं तेवढं ऐकू येत राहिलं. मग ती म्हणाली, "पेटी उघडली वाटतं."

"काल उघडली."

"काल." तिनं तो शब्द तोंडात ठेवून पाहिला. "मी म्हटलं होतं, आल्या आल्या उघडशील. असयूतहून आलास, हातात शिक्क्यांची पिशवी. मी चहा टाकला आणि दारात येऊन उभी राहिले. आता दोरी सोडेल, मोजेल, एक जास्त निघेल, मग घर डोक्यावर घेईल. इतका मोजणारा माणूस! तू दोरी ओढून पाहिलीस आणि शिक्का मारलास."

"मीच भरली होती ती."

"हो ना. तू भरलीस म्हणजे झालं."

"मग ईदला गेलीस."

"गेले. म्हटलं, वर्षाची तपासणी होईल तेव्हा तरी दिसेल. तेव्हा येईल पाय आपटत, माझ्या ताब्यात हे काय घातलंस म्हणून. आईला सांगून ठेवलं होतं, आला तर आत घे, ओरडू दे पोटभर, मग जेवायला वाढ." पलीकडे कोंबड्या कलकलल्या. "आई त्या वर्षी दर वेळी दोन भाकऱ्या जास्त टाकायची."

"तपासणीला फक्त शिक्का बघतात," तो म्हणाला. "शिक्का शाबूत असला की पेटी उघडत नाहीत." आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना ते किती खरं आणि किती निरुपयोगी आहे हे त्याला ऐकू आलं.

"असं होय. मला कोण सांगणार."

"पाण्यात ठेवली होतीस?"

"दोन दिवस. पाणी बदलत होते. माझीही ठेवली, एकटीला कशाला म्हणून. का, बिघडली?"

"नाही. बाकी सगळं बिघडलं. तेवढ्या दोघीच राहिल्या."

ती हसेल असं त्याला वाटलं. ती हसावी असंही वाटलं. ती हसली नाही.

"झकिया, तुझी कोणती?"

"तुला नाही कळत?"

"तू चवडासुद्धा—"

"तू रोज समोर बसून चित्र काढायचास. तू कागदावर काढलंस, मी बापाच्या अंगणात मातीत काढलं. तुझ्याकडे बघूनच शिकले, किती बारीक बघायचं असतं ते."

"पाठीवर अंगठा आहे. दोघींच्याही."

"असणारच. पाठ तू कधी काढलीच नाहीस." मूल मोठ्यानं रडायला लागलं. "थांब जरा, दूध उतू जातंय."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. तिच्या घरातले आवाज त्याच्या कानात येत राहिले. भांडं, पाण्याची धार, कोणीतरी पुरुष खोकला, कोणी बाई मुलाला दटावत होती, ती झकिया होती की तिची लेक हे कळत नव्हतं. तो उभा राहून ऐकत होता. अजान झाली, तिच्याकडची आणि इकडची, किंचित मागेपुढे. मग खमीसच्या फोनमधले पैसे संपले आणि आवाज तुटला.

"पुन्हा लावू? माझ्या पोराच्या फोनवरून?" खमीसनं विचारलं.

"नको. ती कामात आहे."

चहा गार झाला होता. तो त्यानं संपवला, कारण साखर दाबून घातली होती.

आत नाहिद टेबलाशी बसून होती. "मग? डावी की उजवी?"

त्यानं दोघींना एकदा उचललं, एका हातात एक. वजन सारखं होतं. एक बोट पुढे केलं असतं तर एकीला घेऊन तो संध्याकाळच्या आत असयूतच्या रस्त्याला लागला असता. पन्नास टक्के वेळा ती झकियाची असती. उरलेल्या पन्नास टक्के वेळा त्याला कधीच कळलं नसतं, आणि तरी त्यानं ती उशाशी ठेवली असती. फोडायचा प्रश्न राहिलाच नसता, दुसरी म्युझियममध्ये काचेआड बसली असती, खालच्या पाटीवर एका राजाचं नाव.

"सांगता येत नाही," तो म्हणाला.

नाहिदनं पेन खाली ठेवलं. "तुम्हाला?"

"मला."

"उस्ताद, असं लिहून दिलंत तर ताबा सुटणार नाही. दोन्ही तुमच्याच नावावर राहतील."

"राहू देत."

दुपारी पेटी पुन्हा भरली. बाकीच्या नगांवर इलाज व्हायचा असल्यानं ते वेगळे काढले. पेटीत दोघीच राहिल्या. खमीसनं दोरी आवळली, फिक्रीनं पक्कड हातात घेतली आणि ठेवली. त्यानं दोरी सोडायला लावली. झाकण उचललं, कापूस बाजूला केला, दोघींच्या पाठी पाहिल्या, कापूस होता तसा केला. मग शिक्का मारला.

माती भाजली कधी हे सांगणारी चाचणी अशा वस्तूंसाठी परदेशातच होते आणि जुनी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. नवी पाठवता येते, पण त्यासाठी नवी कोणती हे आधी ठरावं लागतं. प्रकरण खात्यात आहे. फिक्री अब्दुल मुईन महिनाअखेर निवृत्त झाला. एक्केचाळीस नंबरच्या पेटीतले दोन नग आजही त्याच्या नावावर आहेत. गेल्या शनिवारी सकाळी तो वाल ठेचत असताना खारगाचा एक अनोळखी नंबर त्याच्या फोनवर दोनदा वाजून थांबला. नंबर त्यानं चष्मा लावून पाहिला. अजून उलट फोन केलेला नाही.